दाताचे जुलाब: एका समजुतीची पार्श्वभूमी

"दाताचे आहेत हो डॉक्टर, थोरल्यालाही असेच झालेले." ऐन थंडीत, निफाडचा पारा घसरलेला असताना, नाशिकच्या कुठल्याही बालरुग्णालयात हे वाक्य कानावर पडतं. मांडीवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. पावसाळ्यात गंगा, म्हणजे इथली गोदावरी, गढूळ झाली की दोष पाण्याला देता येतो. हिवाळ्यात मग दातच सापडतात.

आजीला हसू नये. १९७३ पर्यंत डॉक्टरांकडेही या हिवाळी जुलाबांचं धड उत्तर नव्हतं. सिंहस्थासारख्या यात्रेत ज्या पटकीची (कॉलऱ्याची) धास्ती असे, तिचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात ओळखला होता. रक्ताच्या आवेमागचा जंतू १८९७ मध्ये जपानात शिगा यांना सापडला. तरीही बहुतेक बाळांच्या शौचात तपासणीला काहीच मिळत नसे. अखेर मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा विषाणू दिसला. चाकासारखा, म्हणून नाव रोटा. तो हातांवरून, खेळण्यांवरून पसरतो; नळाचं पाणी स्वच्छ असलेल्या देशांतही पोरांना गाठतो. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरतं, बाळ दिसेल ते तोंडात घालतं, आणि दातही तेव्हाच येतात. आजीचं निरीक्षण बरोबर होतं, आरोपी चुकला.

मात्र पाणी निर्दोष सुटत नाही. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत, भारतात कोलकात्यात, झालेल्या मोठ्या अभ्यासात (२०१३) रोटाबरोबर शिगेला (शिगा यांचाच तो आवेचा जंतू), ई. कोलाय या जंतूचा एक विषारी प्रकार आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पुढे आला. हा शेवटचा क्लोरीनला दाद देत नाही. नाशिकच्या सुरगाणा-पेठकडे विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकली की पटकीचा जंतू मरतो. याच्यासाठी पाणी उकळावंच लागतं.

जंतू कुठला हे न विचारता जीव वाचवणारी गोष्ट १९७१ ची. पश्चिम बंगालमध्ये, बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीच्या साथीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ वर आलं. साखर आतड्यातून आत जाताना मीठ आणि पाणी ओढून नेते, एवढंच त्यातलं शास्त्र. हीच आपली जलसंजीवनी (ओआरएस). (बाळ ओकलं की ती बंद करतात, हा मात्र घात. दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा द्यायची.)

रोटाच्या एका भारतीय लसीचा विषाणूही इथलाच, दिल्लीच्या 'एम्स'मध्ये नवजात बाळांत सापडलेला. सरकारी लसीकरणात रोटाची लस २०१६ मध्ये चार राज्यांत आली, २०१९ मध्ये देशभर पसरली. डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. पहिला दात बहुधा सहाव्या महिन्यात दिसतो.