किशोरवयीन मनोसंकट केंद्रे : शासकीय नियमन

आत्महानीचा प्रयत्न, व्यसन, अनावर वर्तन अशा प्रसंगी अठरा वर्षांखालील मुलांना तात्पुरता आसरा व उपचार देणाऱ्या संस्थांवरील सरकारी नियंत्रण. मुंबईत उपचाराची बाजू मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खाली, तर निवाऱ्याची बाजू बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली येते.

या नियमनाचा उगम कोठे धरावा, याविषयी मतभेद संभवतात. १८५७ च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या, पुढे माहीम येथे नांदलेल्या डेव्हिड ससून सुधारशाळेपर्यंत तो मागे नेता येतो. परंतु मुलाला धंदा शिकवून वळणावर आणणे हा तिचा हेतू होता, त्याच्या मनःस्थितीवर उपचार करणे हा नव्हे. मुंबईचा १९२४ चा मुलांविषयीचा कायदा आणि १९२७ मध्ये स्थापन झालेली, उमरखाडीचे निरीक्षणगृह चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी यांचा भरही संरक्षणावरच होता. सोळा वर्षांखालील मनोरुग्णांसाठी वेगळी रुग्णालये असावीत, अशी तरतूद १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आढळते. उगम तेथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

२९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ८७ नुसार अल्पवयीनाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे सामान्यतः पालकाचा, अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी किमान एक मनोविकारतज्ज्ञ, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, ७२ तासांच्या आत पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे दाखल रुग्णांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिनियमातील मंडळाला, कळवावे लागते आणि मुक्काम तीस दिवसांवर गेल्यास मंडळाकडून फेरतपासणी होते. प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ मुलाजवळ राहणे बंधनकारक असल्याने खाटेशेजारी सतरंजी अंथरून रात्र काढणाऱ्या आईला भेटीची वेळ संपल्याचे सांगून उठवता येत नाही. मुलीबरोबर वडीलच आले असतील, तर सोबतीला स्त्री लागते. संपूर्ण अधिनियमात मुलाची भीती इतकी ओळखणारी दुसरी तरतूद क्वचितच असेल.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर एकट्या सापडलेल्या मुलाला बाल न्याय अधिनियमानुसार चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, हजर करावे लागते. बालगृहात त्याच्या मानसिक आजाराची लक्षणे दिसल्यास त्याच अधिनियमाच्या कलम ९३ खाली समिती त्याला मनोरुग्णालयात हलवू शकते. या कलमाच्या मूळ पाठात मात्र रद्द झालेल्या १९८७ च्या कायद्याचाच उल्लेख असून, कायद्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या आधारे तो २०१७ च्या अधिनियमाला लावून वाचावा लागतो. २०१७ च्या अधिनियमाखाली प्रतिनिधी म्हणून पालक अयोग्य ठरल्यास पुनर्विलोकन मंडळ दुसरी व्यक्ती नेमते. तशी व्यक्तीही न मिळाल्यास समाजकल्याण खात्याचा संचालक त्या मुलाचा प्रतिनिधी होतो.