यीस्टला ताप चढतो तेव्हा

फ्रेंच वाइन म्हणजे ओलसर तळघरं, ओकची पिंपं आणि बापाकडून लेकाकडे आलेली गुपितं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्यात स्टीलची टाकी दिसली की अस्सलपणा संपला असं मानतात. ही समजूत मला खटकते, कारण बोर्दो शहराला लागून असलेल्या पेसाकमधला ‘शातो ओ-ब्रियाँ’ हा मळा तिला सरळ खोटं ठरवतो. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने 1663 मध्येच रोजनिशीत या मळ्याच्या वाइनची वाखाणणी केली होती. बोर्दोच्या वाइनची 1855 मध्ये अधिकृत प्रतवारी झाली, तीत मळा पहिल्या श्रेणीत बसला. आणि त्या श्रेणीत वाइन आंबवायला स्टेनलेस स्टीलच्या टाक्या सगळ्यांत आधी आणल्या त्या याच मळ्याने, 1961 मध्ये. त्यामागे जाँ-बेर्नार देलमास यांचा आग्रह होता. त्यांचे वडीलही याच मळ्याचे कारभारी होते.

स्टील कशासाठी, हे समजायला यीस्टच्या पेशीत उतरावं लागतं.

पिकलेल्या द्राक्षांच्या रसात लिटरमागे 200 ग्रॅमहून जास्त साखर असते. यीस्ट ती खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या यीस्टला ग्लुकोजच्या एका रेणूमागे जेमतेम 2 एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा वाहणारे रेणू, मिळतात. उरलेली बरीच ऊर्जा अल्कोहोलमध्येच राहते आणि काही उष्णता होऊन रसात उतरते. ही उष्णता बाहेर जाऊच शकली नाही, तर रसाचं तापमान आधी होतं त्याहून 25 अंशांपेक्षाही जास्त वाढेल. टाकी जितकी मोठी तितकी अडचण मोठी. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की रस आठपट होतो, म्हणजे उष्णताही आठपट. ती बाहेर सोडणारा पृष्ठभाग मात्र चौपटच वाढतो. त्यात ओकचं लाकूड उष्णतेचं मंदवाहक.

आता पेशीचं पटल पाहू. ते मेदाच्या रेणूंच्या दुहेरी थराचं असतं. थंडीत थिजलेलं तूप ऊब लागताच पातळ होतं, तसं हे पटलही तापमान वाढलं की सैल पडतं. अल्कोहोलचे रेणू त्यात शिरून ते आणखी ढिलं करतात. बाहेरचा रस आंबट, त्याचा पीएच साधारण 3.5, पेशीच्या आत मात्र तो 6 च्या वर टिकवावा लागतो. पटल गळू लागलं की हायड्रोजनचे आयन आत घुसतात आणि त्यांना बाहेर फेकणाऱ्या पंपांवर ते मोजके एटीपी खर्च होतात. साखर आत ओढणारी प्रथिनंही मंदावतात. भोवती साखर असूनही यीस्ट उपाशी मरतं. तापमान 35 अंशांपलीकडे गेलं की हा धोका झपाट्याने वाढतो. आंबवणं अर्ध्यात थांबतं, उरलेल्या साखरेवर जिवाणू तुटून पडतात आणि वाइनला व्हिनेगरचा वास येतो. 1947 च्या कडक उन्हाळ्यानंतर बोर्दोत अनेकांना हा त्रास झाला. शेव्हाल ब्लाँ मळ्याच्या त्या वर्षीच्या नावाजलेल्या वाइनमध्येही थोडी साखर न आंबता राहिली होती.

मला सगळ्यांत जास्त आवडतो तो यापुढचा भाग. बोर्दोत जुनी रीत आहे, रेमोंताज. आंबणारा रस टाकीच्या तळाच्या नळातून उघड्या घमेल्यात पाडायचा आणि पंपाने पुन्हा वर तरंगणाऱ्या सालींवर सोडायचा. सालींचा रंग उतरावा हा मुख्य हेतू. पण पडताना रसात हवा मिसळते, आणि पटल घट्ट ठेवणारा एर्गोस्टेरॉल हा रेणू ऑक्सिजनशिवाय यीस्टला बनवता येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मिळालेली ही थोडी हवा शेवटच्या, अल्कोहोलने भरलेल्या दिवसांत उपयोगी पडते. जुन्या कारागिरांना एर्गोस्टेरॉल ठाऊक नव्हतं, पण हवा दिलेली टाकी तडीस जाते हे त्यांनी पाहिलं होतं. 1961 च्या टाक्यांनी त्याच पटलाला दुसऱ्या बाजूने आधार दिला. स्टील लाकडापेक्षा कितीतरी पटींनी उष्णतावाहक असतं. टाकी थंड पाण्याने निववता येते आणि लाल वाइन 30 अंशांच्या आसपास राखता येते: सालींतला रंग उतरेल इतकी गरम, यीस्ट मरेल इतकी नाही.

परंपरेच्या नावाखाली सगळंच गळी उतरवायचं मात्र कारण नाही. फ्रान्समधले काही मळे गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरतात आणि चंद्र पाहून कामं ठरवतात. ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924 च्या व्याख्यानांतून आलेलं हे शिंगखत आपल्याकडेही विकलं जातं. त्यात वैश्विक शक्ती उतरते याला काडीचाही पुरावा नाही. ‘रोज एक प्याला हृदयाला चांगला’ हाही प्रचारच. अल्कोहोलने कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

ओ-ब्रियाँमध्ये आंबवणं संपलं की वाइन पुन्हा लाकडात जाते, 225 लिटरच्या ओकच्या पिंपांत. इथे लाकूडच हवं, कारण त्यातून हवा अगदी सावकाश झिरपते. तिच्यामुळे थोड्या अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते रंगद्रव्य आणि टॅनिन हे द्राक्षातले तुरट घटक यांना जोडतं आणि रंग टिकतो. स्टीलमधून हवा झिरपत नाही.

नाशिक-दिंडोरीकडे तर वाइनच्या द्राक्षांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत लांबतो. तिथल्या वायनऱ्यांमध्ये थंडाव्याची सोय असलेल्या टाक्या त्यामुळेच दिसतात.