स्टीम मॉप घ्यावा का? कोल्हापूरच्या फरशीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात ‘स्टीम मॉप, म्हणजे वाफेनं फरशी पुसायचं यंत्र, घेऊ का?’ असं विचारणारं घर बहुतेक नव्या अपार्टमेंटमधलं असतं. राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा कळंब्याकडची नवी वस्ती. फरशी चकचकीत व्हिट्रिफाइड, घरात रांगतं मूल किंवा गुडघेदुखीनं हैराण झालेल्या सासूबाई, आणि मोबाइलवर जाहिरात: ‘केमिकलशिवाय ९९.९ टक्के जंतू नष्ट’. किंमत पाच-सात हजारांच्या पुढं. एवढे पैसे घालताना लोक वॉट, टाकी आणि वॉरंटी बघतात. माझ्या मते त्याआधी पायाखाली बघावं. फरशी कशाची आहे, तिच्यावर काय सांडतं आणि ती आजवर कुणी, कशानं पुसली, यात उत्तराचा मोठा भाग आहे.

काही पिढ्यांमागं इथल्या पेठांतल्या साध्या घरांची आणि करवीर तालुक्यातल्या खेड्यांची जमीन मातीचीच होती. मुरूम-माती पसरायची, पाणी मारायचं, चोपून चोपून घट्ट करायची आणि वरून शेणाचं सारवण. ही जमीन पुसायची नसतेच. साळुत्यानं केर काढायचा आणि ठरावीक दिवसांनी पोतेऱ्यानं नवा थर द्यायचा. म्हणजे जुनी मळकी कातडी झाकून नवी चढवायची. धूळ बसायची, भेगा बुजायच्या, पण ओलावा टिकला की जमीन उखडायची. पाणी बेतानं वापरायची सवय तिथली आहे. सारवणं हे अंगमोड काम होतं आणि ते घरातल्या बायकांनीच केलं, हेही इथंच नोंदवायला हवं. पुढं फरशा बदलत गेल्या, वाकणारी पाठ तीच राहिली.

ऐपतदारांच्या वाड्यांत दगड आला. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा चुनखडीचा दगड पश्चिम महाराष्ट्रात इतका रुळला की साध्या घरात ‘फरशी’ म्हटलं की शहाबादीच समजायची. तिच्या पाठोपाठ सिमेंटचा कोबा, त्यावर कुठं लाल रंगाचा गिलावा, मग संगमरवराच्या चिपा घातलेली मोझॅक, राजस्थानची कोटा आणि शेवटी गुजरातच्या मोरबीतून ट्रकांनी येणाऱ्या टाइल्स. शिवाजी पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात आजही सोप्याला शहाबादी, माजघरात मोझॅक आणि नव्या बाथरूममध्ये टाइल्स असे तीन काळ एकत्र नांदताना दिसतात.

या दगडांचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे. संडास-बाथरूम धुवायचं ॲसिड त्यांच्यावर पडलं की फेस येतो आणि दगडाची कातडीच जाते. मग तो कायमचा खरबरीत होऊन मळ धरतो. त्यांना पाणी पिण्याचीही सवय असते. शिवाय जुन्या बसवणुकीत सांधे रुंद असतात, सिमेंट झिजलेलं असतं आणि खरा मळ त्या सांध्यांतच साठतो. व्हिट्रिफाइड टाइलचं उलट आहे. ती अतिशय उच्च तापमानाला भाजलेली असते, पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी, सांधा दोन-तीन मिलिमीटरचा. तिच्यावर मळ आत जात नाही, वरच बसतो. स्टीम मॉप चालतो तो मुख्यत्वे अशाच फरशीवर.

आता फिनेल. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टरनं १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिडनं जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या या घराण्यातली जंतुनाशकं लवकरच घरात शिरली; इंग्लंडमध्ये जॉन जेयस यांनी १८७७ मध्ये आपल्या द्रवाचं पेटंट घेतलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी पथकांनी घरं कार्बोलिकनं धुतली, भिंतींना चुना फासला. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच कोल्हापूर संस्थानावरही दुष्काळ आणि प्लेग ही दोन्ही संकटं आली. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमधून, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. त्यामुळं नुसती जमीन धुऊन रोग हटणार नव्हता. पण ‘उग्र वास म्हणजे स्वच्छता’ हे समीकरण त्या पिढीच्या मनात बसलं आणि आपल्यापर्यंत पोचलं. आजही फिनेलचा वास आला नाही तर घर पुसल्यासारखं वाटत नाही, असं सांगणारी माणसं घरोघरी आहेत. स्टीम मॉपला वास नसतो. तो घेतल्यावर महिन्याभरात माळ्यावर जाण्यामागं हे एक कारण असतं, असं मला वाटतं.

वाफ कोल्हापूरला नवी नाही. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती वाफेच्याच इंजिनावर. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी शाहू मिलची पायाभरणी केली. पुढं जिल्हाभर साखर कारखाने उभे राहिले आणि तिथं आजही उसाच्या बगॅसवर, म्हणजे रस काढलेल्या चिपाडावर, बॉयलर पेटतात, वाफेवर टर्बाइन फिरतात, रस आटतो. घरात मात्र वाफ स्वयंपाकापुरती राहिली: मोदकपात्र, इडलीपात्र, कुकर. वाफेनं जंतू मारायचं शास्त्रही जुनंच. फ्रान्समध्ये चार्ल्स चेंबरलँड यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह बनवला आणि दवाखान्यांतली हत्यारं त्यात उकडली जाऊ लागली. पण तिथं बंद भांडं, दाब, १२१ अंश तापमान आणि पंधरा-वीस मिनिटांचा वेळ असतो. मॉपच्या जाहिरातीत यातली ‘वाफ’ तेवढी उचलली जाते, वेळ आणि दाब मागंच राहतात.

घरगुती वाफयंत्रं आधी युरोपात आली: दाबाची छोटी टाकी, नळी आणि पुढं ब्रश. दांड्याला यंत्र आणि खाली कापडी पॅड, हे आजचं रूप घरोघर पोचवण्यात दक्षिण कोरियाच्या हान क्यूंग-ही यांचा वाटा मोठा आहे. सरकारी नोकरी आणि घर सांभाळताना गुडघ्यांवर बसून फरशी पुसण्याचा त्यांना त्रास व्हायचा. त्यातून त्यांनी १९९९ मध्ये कंपनी काढली आणि दोनेक वर्षांत वाफेचं फरशीयंत्र बाजारात आणलं. कोरियातलं घर आपल्यासारखंच जमिनीवर जगतं. चपला बाहेर, बसणं-जेवणं खाली, अंथरूणही जमिनीवर; त्यांच्या ‘ओंडोल’ पद्धतीत तर जमीनच खालून गरम केलेली असते. अमेरिका-युरोपात हे यंत्र ‘केमिकल नको’ म्हणून खपलं, पण त्याचा जन्म गुडघ्यांच्या दुखण्यातून झाला आहे. कोल्हापुरातल्या घरानं या यंत्राकडं बघताना हा जन्म लक्षात ठेवावा. उकिडवं बसून फडक्यानं फरशी पुसणारी बाई, मग ती घरातली असो वा कामाला येणारी, तिच्या दृष्टीनं जंतूंच्या टक्केवारीपेक्षा उभ्यानं काम होणं कितीतरी महत्त्वाचं आहे. अर्थात उभ्यानं पुसायचं काम हजार-दीड हजाराचा बादलीवाला स्पिन मॉपही करतो, आणि २०२० च्या टाळेबंदीत कामवाल्या बायकांचं येणं थांबलं तेव्हा अनेक घरांनी तो घेतलाही.

मग वाफेचं जास्तीचं काय? तर उष्णता. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ फरशीवर पाणी होताना ५४० कॅलरी उष्णता सोडते. तेवढंच उकळतं पाणी ४० अंशांपर्यंत निवताना फक्त ६० कॅलरी देतं. म्हणून वाफ तेलकट मळ इतक्या पटकन सैल करते. फोडणीचे शिंतोडे, ओट्याखालचा चिकटा, पांढऱ्या रश्श्याचा किंवा मटणाच्या कटाचा गॅसजवळ बसलेला तवंग, यावर साबणाशिवाय एवढं चांगलं काम करणारं दुसरं घरगुती साधन मला माहीत नाही. पाणीही कमी लागतं. साधारण ४०० मिलिलिटरची टाकी वीसेक मिनिटं चालते आणि फरशी मिनिटा-दोन मिनिटांत सुकते. जुलै-ऑगस्टमध्ये पुसलेली फरशी तासभर ओली राहते आणि तिच्यावर परत पावलं उमटतात, त्या घरांना हा फायदा खरा आहे.

जंतूंचा हिशेब मात्र करून बघावा. दूध पाश्चराइज करताना ते ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात; गोकुळच्या गावाला हे सांगायला नको. ते माप दुधाचं आहे, फरशीचं नाही, पण अंदाजाला पुरतं. मॉपचं डोकं ३० बाय २० सेंटिमीटर धरलं तर दहा बाय दहा फुटांच्या खोलीत त्याच्या साधारण १५५ जागा होतात. प्रत्येक जागी १५ सेकंद थांबायचं तर एका खोलीला जवळपास ४० मिनिटं लागतील आणि टाकी अर्ध्यातच संपेल. शिवाय वाफ पॅडमधून बाहेर पडून गार फरशीला भिडेपर्यंत तिची उष्णता झपाट्यानं उतरते. आपण तर हात सरासरा फिरवतो. म्हणून ९९.९ टक्क्यांचा दावा ठरावीक वेळ एकाच जागी वाफ देऊन केलेल्या चाचणीतला समजावा. रांगत्या बाळाच्या कोपऱ्यात थांबून थांबून फिरवला तर उपयोग आहे. सगळं घर निर्जंतुक झालं, या भरवशावर राहू नये.

कोल्हापूरची आणखी एक गोष्ट आहे, तिच्याशिवाय इथल्या फरशीबद्दल लिहिता येत नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. २००५ चा महापूरही लोक विसरलेले नाहीत. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्क या भागांतल्या लोकांना पूर ओसरल्यावरचा गाळ ठाऊक आहे. तो फावड्यानं ओढावा लागतो, मग पाइपनं धुवावा लागतो, मग ब्लिचिंग पावडर. या कामात स्टीम मॉप अजिबात नको. पॅड पहिल्या हातातच चिखलानं भरतं, आणि ओल्या घरात वायरिंग तपासल्याशिवाय विजेचं कुठलंच उपकरण लावणं जिवावर बेतू शकतं. ब्लिचिंग पावडर आणि बाथरूमचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. पुरानंतरच्या घाईत ही चूक होते म्हणून मुद्दाम लिहितो. घर पूर्ण वाळलं, वीज तपासून झाली, की टाइल्सच्या सांध्यांत अडकून राहिलेल्या रेषांसाठी वाफ उपयोगी पडते. तोवर नाही.

नवरात्राआधीच्या साफसफाईलाही हाच क्रम लागू आहे. अंबाबाईचं मंदिर धुतलं जातं, नदीवर गोधड्या-चादरींची धुणी पडतात आणि घरातली जळमटं निघतात. वर्षभराचा तो धुरळा आधी झाडून, ओल्या फडक्यानं काढावाच लागतो. स्टीम मॉप केर गोळा करत नाही. न झाडता फिरवला तर केस आणि माती पॅडखाली ओढली जाऊन फरशीवर रेघा उठतात.

फरशीप्रमाणं माझं मत असं. व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक असेल, सांधे धड असतील, घरात तेल-तिखटाचा स्वयंपाक जोरात असेल आणि कुणाला वाकणं जमत नसेल, तर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. शहाबादी, उखडलेली मोझॅक किंवा मेण लावून राखलेला लाल कोबा असेल तर घेऊ नका. वाफ मेण उचलते आणि रुंद सांध्यांत पाणी मुरवते. पॉलिश केलेल्या संगमरवरावर सील (वरचा संरक्षक थर) उतरून चमक जाण्याचा धोका आहे. लॅमिनेट किंवा लाकडी फ्लोअरिंगवर तर नकोच, त्याच्या कडा फुगतात.

घ्यायचं ठरलंच तर दुकानात जाण्याआधी घरातले प्लग बघा. १५०० वॉटचं यंत्र साडेसहा अँपिअर ओढतं. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर ते लावणं बरोबर नाही. जुन्या घरांत १६ अँपिअरचा पॉइंट स्वयंपाकघरात किंवा गिझरपाशी एखादाच असतो, आणि तिथून एक्स्टेंशन ओढत हॉलभर फिरायचं म्हणजे तेही जाड वायरचं हवं. वीज फार जात नाही, वीस मिनिटांना अर्धा युनिट. पाण्याचं जपावं लागतं. नगरपालिकेच्या काळापासून शहर नदीचं पाणी पीत आलं, २०२३ पासून काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणीही आलं, पण अनेक अपार्टमेंटमध्ये वापरायला बोअरचंच असतं आणि ते जड असतं. त्याचा क्षार हीटरच्या बारीक नळीत बसला की वाफ मंदावते आणि यंत्र थुंकायला लागतं. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच घालावं. टाकीत फिनेल, डेटॉल, कापूर काही घालू नये; ते तापून थेट नाकात जातं.

शेवटचं पॅडबद्दल, कारण निम्मी सफाई यंत्रावर नसून त्या कापडावर असते. सोबत बहुधा एक-दोनच पॅड मिळतात. आणखी दोन-तीन तेव्हाच मागून घ्या. एका खोलीला एक. स्वयंपाकघराचं पॅड देवघरात फिरवायचं नाही, आणि वापरून झालं की दांड्याला तसंच ओलं न ठेवता धुऊन उन्हात टाकायचं. घरी कामाला येणाऱ्या मावशी ते चालवणार असतील तर वाफ पायावर कशी येते, पॅड गरम असताना का काढायचं नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी शांतपणे दाखवा. त्यांचं काम सोपं झालं म्हणून पगार कापायचा विषय काढू नका. घर तितकंच मोठं आहे आणि झाडणं, भांडी, धुणं सगळं तसंच आहे.