इंजिनाचा धूर व ठोका : निदान

मोटारगाडीच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर आणि इंजिन किंवा गियरबॉक्समधून येणारा ठोका यांवरून आतल्या बिघाडाची जागा हुडकण्याची पद्धत. स्कॅनर लावून एरर कोड वाचण्याची सोय आता बहुतेक गॅरेजांत असली, तरी घासलेली रिंग किंवा ढिले बेअरिंग सेन्सरला थेट कळत नाही. तिथे डोळे, कान आणि नाक हीच साधने. धुराचा रंग सर्वांनाच दिसतो. निदान ठरते ते मात्र तो केव्हा येतो यावर.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खात आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन येऊन थांबला, तर रात्रभरात वॉल्व्ह सीलमधून ऑईल खाली झिरपलेले असते. हे काम तुलनेने थोडक्यात आटोपते. ॲक्सिलरेटर दाबताना सतत येत असेल, तर पिस्टन रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी चालू इंजिनाचे ऑईल भरण्याचे झाकण उघडले की तिथून धूर जोराने बाहेर येतो. यालाच मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन मारते' म्हणतात. तेवढ्यावरून हाफ इंजिनचे (इंजिन खोलून पिस्टन-रिंग बदलण्याचे) काम काढणे मात्र घाईचे आहे. आधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजावे. पेट्रोल इंजिनात ते कमी भरले, तर प्लगच्या जागेतून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे: काटा वर गेला तर दोष रिंगचा, तिथेच राहिला तर वॉल्व्हचा किंवा हेड गॅसकेटचा (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलचा). या दोन मोजण्यांनी मालकाचे हजारो रुपये वाचू शकतात, त्यामुळे त्या केल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नये. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीत टर्बोचे सीलही तपासावे. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने आल्यावर गाडी थांबताक्षणी इंजिन बंद केले, तर तापलेल्या टर्बोत ऑईल करपते. मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवावे.

पांढरा धूर दोन प्रकारचा. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी सायलेन्सरमधून निघून लगेच विरणारी वाफ निर्धोक असते. गरम इंजिनातूनही दाट, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि कूलंट घटत गेले, तर हेड गॅसकेट उडाल्याची शंका घ्यावी. रेडिएटरमधले बुडबुडे तिला दुजोरा देतात, पण ते पाहायला झाकण उघडायचे ते इंजिन गार झाल्यावरच. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात कूलंटऐवजी बोअरवेलचे जड पाणी भरत राहिल्यास रेडिएटरमध्ये क्षार साचतात, इंजिन तापते आणि शेवटी हेड वाकते. काळा धूर बहुधा चोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा बिघडलेल्या इंजेक्टरचा. तपासणी फिल्टरपासून सुरू करावी.

आवाजाच्या बाबतीत गाडी थंड असतानाच ऐकणे फार महत्त्वाचे. कामठीहून चालवत आणलेली गाडी सीताबर्डीत पोचेपर्यंत तापते आणि थंडपणी वाजणारा पिस्टन तोवर गप्प होतो. म्हणून गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी मिस्त्रीसमोरच स्टार्ट करावी. टॅपेटची (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टिकटिक वरच्या बाजूने येते आणि क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने पडते. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका खालून, जड येतो आणि रेस वाढवली की वाढतो. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि मूठ कानाशी धरून मिस्त्री त्याची जागा शोधतात. मग एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहतात: ज्या सिलिंडरला आवाज दबतो, त्याचा रॉड. डिपस्टिकवर ऑईल कमी दिसले किंवा ऑईलचा लाल दिवा लागला, तर इंजिन तिथेच बंद करावे आणि गाडी टोइंग करूनच न्यावी. चालवत नेल्यास क्रँकही जातो आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

भर उन्हात चढावर वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर ते इंधनाचे नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटल्याचा आवाज. बेअरिंगचा त्यात दोष नाही. गियर उतरवला की ते थांबते. तरीही राहिले तर साचलेला कार्बन, इग्निशन टायमिंग आणि कूलिंग तपासावे.

गियरबॉक्सची पहिली परीक्षा क्लचच्या पेडलवर होते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर बंद झाला तर गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग. वळणावर कटकट वाजली तर पुढच्या ॲक्सलचा सीव्ही जॉइंट पाहावा. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गियरबॉक्स जोडणारी फ्लेक्स प्लेट तडकली, तर थेट रॉडसारखाच ठोका येतो. ऑईलचे प्रेशर ठीक असेल आणि इंजेक्टर काढूनही ठोका दबत नसेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी ती प्लेट तपासावी.