गाईच्या गळपट्ट्यातली बॅटरी खरंच १० वर्षं टिकते?

गाईची हालचाल आणि ठावठिकाणा रेडिओवरून कळवणाऱ्या पट्ट्याच्या ‘बॅटरी १० वर्षं टिकते’ या जाहिरातीवर पहिला प्रश्न विचारावा: कुठल्या स्प्रेडिंग फॅक्टरवर?

पट्ट्यातला लोरा (कमी विजेवर लांब पल्ल्याचा) रेडिओ माहिती पाठवतो ती शिट्टीसारख्या चढत जाणाऱ्या लहरींतून. अशी एक लहर म्हणजे चर्प, आणि ती किती लांबवायची ते ठरवतो स्प्रेडिंग फॅक्टर. १२५ किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये फॅक्टर ७ असेल तर चर्प १.०२४ मिलिसेकंदांचा, १२ असेल तर ३२.७६८ मिलिसेकंदांचा. पायरीगणिक दुप्पट! शिट्टी लांबली की गोंगाटाखाली दबलेला संदेशही वेचता येतो, म्हणून पल्ला वाढतो. पण तेवढा वेळ ट्रान्समीटर करंट ओढत राहतो. १२ बाइटचा संदेश लोरावॅन या लोरा-नेटवर्कच्या नियमावलीने चढवलेल्या वेष्टनासह ७ वर ६२ मिलिसेकंदांत जातो, १२ वर जवळपास दीड सेकंद घेतो.

दर १० मिनिटांनी एक संदेश, पाठवताना ४० मिलिअँपिअर, दोन संदेशांमधल्या झोपेत ५ मायक्रोअँपिअर धरा. २४०० मिलिअँपिअर-तासांचा सेल १२ वर तीन वर्षंही पुरत नाही. ऐकण्या-मोजण्याचा खर्च सोडला तर ७ वर हिशोब ३० वर्षांवर जातो. सेल त्याच्या कितीतरी आधी आपोआप झिजतो. पट्ट्यांचे संदेश झेलणाऱ्या गेटवेचा अँटेना उंच असला की लहान फॅक्टरही पुरतो, म्हणून तो उंच चढवणं हीच बॅटरीची बचत.

फॅक्टर आपोआप घटवण्याची नेटवर्कची सोय मात्र जागेवर स्थिर सेन्सरसाठी आहे. गाय गेटवेशेजारी उभी असताना फॅक्टर ७ वर येतो आणि ती टेकडीआड गेली की संदेश हरवतात. चरणाऱ्या जनावरांसाठी ही सोय बंद करून ९ किंवा १० ठरवून द्यावा.

खरी गोची अशा पट्ट्यांतल्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलची. पडून राहिला की आतल्या लिथियमवर पातळ थर चढतो. त्या थरामुळेच सेल वर्षानुवर्षं टिकतो, पण एकदम ४० मिलिअँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं. पट्टा चालवणारी चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, रीसेट होतो, नेटवर्कला जोडून घ्यायला पुन्हा संदेश पाठवतो, पुन्हा कोसळतो. मीटरवर मात्र ३.६ व्होल्ट दिसतात!

उपाय सेलला समांतर सुपरकपॅसिटरचा, म्हणजे चार्ज साठवून झटक्यात देणाऱ्या मोठ्या कपॅसिटरचा. दीड सेकंदात ०.०६ कूलोम्ब लागतात; घसरण अर्ध्या व्होल्टवर रोखायची तर ०.१२ फॅरड हवेत, १००० मायक्रोफॅरडचं ते काम नाही. सेल ३.६ व्होल्टचा आहे, म्हणून २.७ व्होल्टचा एकटा लावू नका, ५.५ चा घ्या. गळतीही बघा: २० मायक्रोअँपिअर गळणारा कपॅसिटर झोपेच्या चौपट खातो.

जीपीएस ३० सेकंद, २५ मिलिअँपिअरवर चालवलं की फॅक्टर १२ चे बारा संदेश खर्ची पडतात. ते दर खेपेला चालवू नये. मानेच्या हालचालीचे कच्चे आकडेही पाठवू नयेत, रवंथाची मिनिटं पट्ट्यातच मोजावीत. ‘पट्टा आजार ओळखतो’ हा दावा फोल आहे. मिनिटं घटली एवढंच तो सांगतो, कारण पशुवैद्यानेच शोधायचं.