पोस्टाच्या पाकिटापासून ‘स्वयम्’पर्यंत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पुढच्या काही आठवड्यांत प्राध्यापक झूम आणि गूगल मीटवर शिकवू लागले, आणि महाविद्यालयांत ई-लर्निंग तेव्हाच जन्माला आलं असा समज पसरला. आजही चर्चासत्रांत ‘कोविडपूर्व’ आणि ‘कोविडोत्तर’ अशी रेघ मारून लोक मोकळे होतात. पण आपल्या विद्यापीठांनी वर्गाच्या भिंती ओलांडायला सुरुवात करून साठ वर्षं झाली आहेत. त्यासाठी उपग्रह सोडले गेले, नवी विद्यापीठं उभी राहिली, सरकारी योजना आल्या आणि गेल्या. हा सगळा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. शिकवणं दूरवर पोहोचवायचं कसं, हे प्रत्येक पिढीने आपापल्या साधनांनी सोडवलं. विद्यार्थ्याचं अडलं तर त्याने विचारायचं कुणाला, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी विचारात घेतला गेला.

सुरुवात पोस्टाने झाली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रव्यवहाराने पदवी शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठ १९७१ मध्ये त्या वाटेने गेलं. छापील धडे पाकिटातून घरी येत. नोकरी धरल्यामुळे किंवा लग्नामुळे कॉलेज सुटलेल्या कितीतरी लोकांच्या नावापुढे बी.ए., बी.कॉम. लागलं ते या पाकिटांमुळे.

मग अवकाश विभाग या कामात उतरला. उपग्रहावरून शिकवण्याच्या प्रयोगासाठी विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९६९ मध्ये ‘नासा’शी करार झाला. प्रयोग सुरू झाला तेव्हा ते हयात नव्हते. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असं वर्षभर, एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. गावातल्या संचाला जोडलेली तीन मीटरची अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची केलेली होती. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात यश पाल यांच्या नेतृत्वाखाली हे काम झालं. हा प्रयोग खेड्यांसाठी होता, विद्यापीठांसाठी नव्हता. पण उपग्रहावरून शिकवता येतं, हे त्यातून सिद्ध झालं.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा भारताचा उपग्रह अवकाशात गेला आणि १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. आयोगाच्या अध्यक्ष तेव्हा माधुरी शहा होत्या, एसएनडीटी विद्यापीठाच्या माजी कुलगुरू. कार्यक्रम बनवण्यासाठी मोजक्या विद्यापीठांत निर्मिती केंद्रं काढली गेली, त्यांतलं एक पुणे विद्यापीठात होतं. पुण्यात अजूनही जुनी माणसं त्याला नुसतं ‘ईएमआरसी’ (एज्युकेशनल मीडिया रिसर्च सेंटर) म्हणतात. इथे काम करून पुढे चित्रपट आणि माहितीपटांकडे गेलेल्यांची एक पिढीच आहे.

या कार्यक्रमांनी मुद्दाम अभ्यासक्रमाला चिकटायचं नाही असं ठरवलं होतं. विद्यार्थ्याची दृष्टी मोठी व्हावी, लहान गावातल्या कॉलेजातही चांगलं विज्ञान, चांगली कला पोहोचावी, हा हेतू होता आणि तो मोलाचा होता. पण कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत, वेळ दुपारची, म्हणजे नेमकी तासांची आणि प्रॅक्टिकलची, आणि परीक्षेत त्यातलं काही येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. शिवाय टीव्हीला प्रश्न विचारता येत नाही. संच स्टाफरूममध्ये किंवा प्राचार्यांच्या दालनात कुलूपबंद राहिले, तर त्याचा दोष फक्त कॉलेजांच्या अनास्थेवर टाकता येणार नाही.

अडलं तर विचारायचं कुणाला, या प्रश्नाचा महाराष्ट्रात खराखुरा विचार झाला तो नाशिकला. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ पासून घालून दिलेला नमुना समोर होता, देशातही आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं होतं आणि १९८५ मध्ये इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आलं होतं. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचं ब्रीद. बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम ठेवून त्यांना पदवीचं दार उघडून दिलं गेलं. ज्यांना शाळेने केव्हाच बाहेर काढलं होतं अशा हजारो बायका, शेतकरी, कामगार त्या दारातून आत आले. महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात याइतकं मोठं काम क्वचितच झालं असेल, असं मला वाटतं.

या विद्यापीठाचं कोणतंही जुनं पुस्तक उघडून पाहा. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, आणि विवेचनात काही पानांनी थांबून विचारलेले स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, ज्यांची उत्तरं शेवटी तपासून घ्यायची. समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून, शिक्षकाने वर्गात मध्येच थांबून ‘कळलं का?’ विचारावं ती जागा कागदावर राखलेली असे. आणि पुस्तकाने भागलं नाही तर गावातल्या कॉलेजात किंवा शाळेत अभ्यासकेंद्र, तिथे संमंत्रक, म्हणजे समोर बसून मार्गदर्शन करणारा शिक्षक. पुढे आलेल्या कित्येक ऑनलाइन कोर्सेसमध्ये व्हिडिओच्या मधोमध उगवणारी छोटी प्रश्नावली पाहिली की मला ही पुस्तकं आठवतात. तंत्र नवं असलं तरी अध्यापनाचा विचार तोच आहे, आणि तो मराठीत आधीच होऊन गेला होता.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलने (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) हीच रचना संगणकासाठी वापरली. तिचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम, पदवीचा नव्हे, पण तालुक्याच्या गावात लागलेल्या त्याच्या पाट्यांनी कॉलेजातल्या मुलांचा माऊसशी पहिला परिचय करून दिला. आशय मराठीत, शिकणं पडद्यावर, आणि शेजारी बसून सांगणारं माणूस.

उपग्रहाचा नाद मात्र सुटला नव्हता. २० सप्टेंबर २००४ रोजी फक्त शिक्षणासाठी बांधलेला ‘एज्युसॅट’ श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याआधीच्या चाचणीत कर्नाटकातलं विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ, मध्य प्रदेशातलं राजीव गांधी तंत्रविद्यापीठ आणि आपलं मुक्त विद्यापीठ सहभागी होतं. काही केंद्रांवरून उलट प्रश्न विचारण्याची सोय यात होती, ही मोठी सुधारणा. पण तोवर इंटरनेट इतक्या वेगाने पसरत होतं की उपग्रहाचा वर्ग जुना वाटू लागला. २०१० मध्ये एज्युसॅटची सेवा संपली.

इंटरनेटवरची पहिली मोठी उडी आयआयटींची. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपलं अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुलं करण्याची घोषणा केली. इकडे सात आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचा (भारतीय विज्ञान संस्था) ‘एनपीटेल’ हा ऑनलाइन व्याख्यानांचा प्रकल्प २००३ मध्ये कामाला लागला. प्राध्यापकांची संपूर्ण सत्रांची व्याख्यानं चित्रित झाली, यूट्यूबवर आली आणि गल्लीबोळातल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांनी परीक्षेच्या आदल्या रात्री ती पाहिली. आपल्या सरांना न आलेलं गणित खरगपूरच्या सरांकडून समजून घेतलेले लोक आज तिशी-चाळिशीत आहेत.

पवईत, आयआयटी मुंबईत, मात्र वेगळ्या दिशेने विचार चालला होता. २००९ मध्ये केंद्राचं माहिती-संपर्क तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यातून तिथले प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने आयआयटी मुंबईने देशभरातल्या इंजिनीअरिंग शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. व्याख्यान पवईहून थेट, पण शिक्षक आपल्या जवळच्या कॉलेजातल्या केंद्रात एकत्र बसलेले. एखाद्या केंद्रातून हात वर झाला की पडद्यावर ते केंद्र दिसे, माइक तिकडे जाई आणि सगळा देश तो प्रश्न ऐकत असे. विद्यार्थ्यांऐवजी आधी शिक्षकाला धरा, तो पुढे शेकडो मुलांना शिकवेल, हे त्यामागचं गणित होतं.

त्याच अभियानातला, आयआयटी मुंबईच्याच कन्नन मौद्गल्य यांचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्प मला त्याहून जवळचा वाटतो. एखादं मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारा साधारण दहा मिनिटांचा धडा. संहिता लिहून झाली की ती विषयातल्या जाणकारापुरती न ठेवता, ज्याला तो विषय अजिबात येत नाही अशा नवख्या माणसाला देऊन पाहायची. तो अडला तर संहिता बदलायची. मग आवाज मराठी, तमिळ, आसामी अशा भाषांत द्यायचा, पडद्यावरचं सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच ठेवायचं, कारण नोकरीत तेच समोर येणार. नवखा कुठे अडेल याचा शोध धडा बनतानाच घेतलेला आहे, आणि मोठ्या खर्चाच्या योजनांनाही हे सहसा जमलेलं नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये गाजावाजा करून आलेल्या ‘आकाश’ टॅबलेटवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. यंत्र स्वस्त असलं की शिक्षण पोहोचतं, हा समज त्यामागे होता.

२०११-१२ मध्ये स्टॅनफर्ड, एमआयटी, हार्वर्डमधून हजारो-लाखोंचे मुक्त ऑनलाइन वर्ग निघाले आणि जगभर त्यांचा बोलबाला झाला. त्याचं भारतीय रूप म्हणजे ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं व्यासपीठ. ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, सोबत ‘स्वयंप्रभा’च्या ३२ डीटीएच वाहिन्या आल्या. व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन असे प्रत्येक कोर्सचे चार भाग. खरा बदल श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) होता. २०१६ च्या नियमांनी एका सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक ‘स्वयम्’वरून घ्यायला मुभा दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. इतकी वर्षं ‘पूरक’ म्हणून बाजूला राहिलेलं ई-लर्निंग प्रथमच गुणपत्रिकेत आलं. तरी नोंदणी करणाऱ्यांच्या मानाने परीक्षेला बसणारे थोडेच असतात, आणि चर्चामंचावर इंग्रजीत प्रश्न लिहायचा धीर ग्रामीण कॉलेजातल्या मुलाला सहज होत नाही.

हे सगळं पदरी असताना २०२० उजाडलं. दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं साधन पहिल्यांदाच बहुतेक घरांत पोहोचलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी वर्ग सर्वाधिक मुका झाला. घरात एकच मोबाइल, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला, डेटा संपत आलेला. प्राध्यापक साठ नावांच्या काळ्या चौकोनांशी बोलत राहिले. रसायनशास्त्राच्या मुलांनी आभासी प्रयोगशाळेत माऊसने ब्युरेटची तोटी फिरवून टायट्रेशन केलं. रंग बदलण्याच्या क्षणी एक थेंब जास्त पडला की काय होतं, हे हाताला कळलंच नाही. अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २८ ऑगस्टला निकाल लागला आणि महाराष्ट्रात ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांवर बहुतेक परीक्षा ऑनलाइन उरकल्या गेल्या. यात प्राध्यापकांनी घेतलेले कष्ट कमी नव्हते. पण ती आणीबाणीतली व्यवस्था होती, आणि तिच्यावरून ई-लर्निंगचं मोजमाप करणं अन्यायाचं आहे.

त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ऑनलाइन आणि वर्गातलं अध्यापन मिसळण्याला पाठबळ दिलं. २०२१ पासून पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून बी.टेक. सुरू झालं, आणि ऑनलाइन कोर्सेसचं अभ्याससाहित्य मराठीत आणण्याचं कामही चालू आहे. एनपीटेलची स्थानिक केंद्रं आता अनेक कॉलेजांत आहेत. तिथे एक प्राध्यापक समन्वयक असतो. तोच मुलांना कोर्स निवडून देतो, असाइनमेंटची आठवण करतो, परीक्षेचा अर्ज भरून घेतो आणि आठव्या आठवड्यात गळणाऱ्याला गाठून काय अडलं ते विचारतो. नाशिकचे संमंत्रक पस्तीस वर्षांपूर्वी जे करत होते त्याच्या जवळचंच हे काम आहे. फरक इतकाच की संमंत्रकाची जागा विद्यापीठाच्या रचनेत मुळातच धरलेली होती, आणि हे समन्वयक मात्र आपले रोजचे तास सांभाळून हे करतात.