साहेब शांत असला की खालचा माणूस बोलतो

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, बेतोडा इथल्या कारखान्यांत सुपरवायझर झालेल्या माणसाला हल्ली ‘लीडरशिप’चे प्रशिक्षण मिळते. आवाज चढवू नका, आधी ऐकून घ्या, घाईने दोष देऊ नका, असे त्यात सांगतात. अनेकांना ही नुसती सभ्यतेची शिकवण वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे अनेक दशकांचा अभ्यास आहे आणि त्यातला महत्त्वाचा भाग अपघातांच्या चौकशीतून आला आहे.

एकत्र बसून ठरवणे गोव्याला नवे नव्हते. गांवकारी या जुन्या ग्रामसंस्थेत जमीन सामायिक असे आणि तिचा कारभार गांवकरांच्या बैठकीत चाले. अफोन्सु मेशिया या अधिकाऱ्याच्या 1526 सालच्या ‘फोराल’ या सनदेमध्ये पोर्तुगिजांनी या रूढी लिहून घेतल्या. मात्र त्या बैठकीत मोजक्या घराण्यांतल्या पुरुषांनाच स्थान होते, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. बाकीच्या अनेकांच्या वाट्याला भाटकार-मुंडकाराचे, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जागेत घर करून राहणारा यांचे, नाते आले. ज्याच्या जागेत आपले घर उभे, त्याला ‘हे चुकतेय’ असे तोंडावर कोण म्हणणार? मुंडकाराला घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा 1975 साली झाला, म्हणजे गोवामुक्तीनंतर चौदा वर्षांनी. खाणीवर, बार्जवर, बंदरात पगारी कामाला लागलेल्यांत अशा घरांतली माणसे पुष्कळ होती. पात्रांवासमोर, म्हणजे मालकासमोर, गप्प राहण्याची सवय त्यांच्याबरोबरच कामावर आली, असे मला वाटते. ती आजही पुरती गेलेली नाही.

वरिष्ठाच्या वागण्याचा कामावर काय परिणाम होतो, हे तपासणारा एक गाजलेला प्रयोग 1939 साली प्रसिद्ध झाला. नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी शाळकरी मुलांचे गट केले. कुठे हुकूम सोडणारा म्होरक्या, कुठे विचारून ठरवणारा, तर कुठे काहीच न सांगणारा. हुकमी म्होरक्या खोलीत असेपर्यंत काम जोरात चाले, तो बाहेर पडला की मंदावे. विचारून ठरवणाऱ्या म्होरक्याच्या गटात तो नसतानाही काम चालू राहिले.

भारतातही यावर काम झाले. 1953 साली ब्रिटिश संशोधक ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये कामगारांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक माग सोपवले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. पुढे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी 1980 च्या सुमारास मांडले की, आपल्याकडे माया लावणारा, पण कामात सूट न देणारा वरिष्ठ सर्वांत परिणामकारक ठरतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना पाहत वाढलेल्या आपल्या माणसांना हे वर्णन परके वाटणार नाही.

खरे वळण आले ते विमानांमुळे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून 583 माणसे गेली. पुढचे विमान धावपट्टीवरून हटले नसावे, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती बाजूला सारली आणि कुणी पुन्हा अडवले नाही. पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबरला, पोर्टलंडजवळ एक विमान इंधन संपून कोसळले आणि दहा जण दगावले. तिथे कॅप्टन आरडाओरडा करत नव्हता. चाकांच्या बिघाडात तो इतका गुंतला होता की इंधनाबद्दल सहकाऱ्यांनी दबकत दिलेल्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. मला हा दुसरा अपघात अधिक बोलका वाटतो, कारण नुसता शांत स्वभाव पुरत नाही हे तो दाखवतो. वरिष्ठाला मुद्दाम विचारावे लागते आणि कनिष्ठाला स्पष्ट बोलण्याचा सराव लागतो.

1979 साली नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि 1981 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी तसे प्रशिक्षण सुरू केले. आज ते जगभरच्या वैमानिकांना घ्यावे लागते. जहाजांवरही तेच झाले. 1 जानेवारी 2012 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत जहाजावरच्या अधिकाऱ्यांसाठी नेतृत्व आणि संघकार्य यांचे कौशल्य आवश्यक ठरले. ज्या गोव्यातून पिढ्यान्‌पिढ्या तारवटी बोटीवर गेले, तिथे हा बदल अनेक घरांपर्यंत पोहोचला.

एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या चाललेल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त निघाली. तिथे चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर त्या सांगायला परिचारिका घाबरत नव्हत्या म्हणून, असा अर्थ तिने लावला आणि 1999 साली हा विचार सविस्तर मांडला.

गोव्यातल्या औषध कारखान्यांत याला रोजचा संदर्भ आहे. ठरल्या पद्धतीपासून काही ढळले तर त्याची ‘डेव्हिएशन’ म्हणून नोंद व्हावीच लागते. रात्रपाळीला तापमान थोडे वर गेले, हे सर्वांत आधी मशीनवरच्या ऑपरेटरला कळते. बऱ्याचदा तो परप्रांतातून आलेला, कंत्राटी आणि नोकरीची धास्ती असलेला असतो. सुपरवायझरचा पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असा आला तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. ‘काय दिसलं, कधी दिसलं?’ असा आला तर तो सांगेल, आणि ती बॅच बाहेर जाण्याआधी तपासली जाईल.